नवीन घरात लाकडाचा स्टोव्ह: चिमणी आतून सरळ वर न्यावी की भिंतीतून बाहेर काढावी?

डोंगरउतार:
मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. आम्ही व्हरमाँटमध्ये घर बांधायला काढलंय, माँटपीलियरपासून थोडं आत, उतारावर. दोन मजली, साधारण १८०० स्क्वेअर फूट, वर स्टँडिंग सीम मेटलचं उतरतं छप्पर. मुख्य हीटिंग हीट पंपवर आहे आणि जोडीला लाकडाचा स्टोव्ह हवाय, कारण आमच्या रस्त्यावर वादळ आलं की एखादं झाड तारेवर पडतंच आणि मग लाइट कधी येणार ते कुणीच सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर नवऱ्याला घरात जिवंत आग पाहिजे, वीज जाते हे निमित्त.

तर प्रश्न असा आहे. आर्किटेक्टने स्टोव्ह लिव्हिंग रूमच्या उत्तरेकडच्या भिंतीला दाखवलाय आणि पाइप भिंतीतून बाहेर काढून घराच्या बाहेरून वर नेलाय, त्याला वरून दगडाचं क्लॅडिंग करू म्हणतो, चित्रात फार सुंदर दिसतंय. पण स्टोव्हच्या दुकानातल्या माणसाने नकाशा बघून तोंड वाकडं केलं, म्हणे आतून सरळ वर न्या. आतून नेला तर तो वरच्या बेडरूमच्या क्लॉझेटमधून जातो म्हणजे क्लॉझेटची वाट. आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आत्ता कशाला डोकं लावता, ड्रायवॉल झाल्यावर बघू. तिघांची तीन तोंडं.

बाकी माहिती देऊन ठेवते: घर एकदम एअरटाइट करतोय, बिल्डरने ३ एसीएच५० (हवेच्या गळतीचं माप) लिहून दिलंय, ईआरव्ही (ऊब वाचवून हवा बदलणारं यंत्र) आहे. किचन लिव्हिंगला लागून उघडंच आहे, फोडणीचा वास वरच्या मजल्यापर्यंत जाऊ नये म्हणून ९०० सीएफएमचा (मिनिटाला ९०० घनफूट हवा ओढणारा) हूड ऑर्डर केलाय. स्टोव्ह "२००० स्क्वेअर फुटांसाठी" असं लिहिलेला घ्यावा की त्याहून लहान? आणि विटांची चिमणी बांधणं हा आता वेडेपणा आहे का?

सुतारपक्षी:
ताई, दुकानदार बरोबर बोलतोय. आर्किटेक्टला चहा पाजा आणि नकाशा बदलून घ्या.

मी न्यू हॅम्पशरमध्ये बांधकामाचं इस्टिमेटिंग करतो, त्यामुळे ही बाहेरून दगड लावलेली सुंदर चिमणी नकाशांवर कायम बघतो. चिमणीत ओढ तयार होते ती दोनच गोष्टींनी, आतल्या धुराचं तापमान आणि पाइपची उंची. पाइप घराच्या आत असला की त्याच्या भोवती खोलीची ऊब असते, धूर गरम राहतो, भराभर वर जातो. तोच पाइप उणे २० सेल्सिअसमध्ये उत्तरेच्या भिंतीला बाहेर उभा केला की धूर वाटेतच गार होतो, त्यातलं पाणी आणि डांबर पाइपच्या आतल्या बाजूला चिकटत जातं, त्यालाच क्रिओसोट म्हणतात आणि चिमणीला आतून आग लागते ती त्याच्यामुळेच. दुसरा त्रास सकाळचा. रात्रभर गार पडलेल्या चिमणीतली जड हवा खाली उतरत असते, तुम्ही काडी लावली की पहिला धूर वर न जाता सरळ तुमच्या सोफ्यावर. शिवाय भिंतीतून काढायचं म्हणजे मागे एक काटकोन, बाहेर टी, म्हणजे ओढ अजून कमी आणि आडव्या तुकड्यात राख साठणार ती वेगळीच.

आतून सरळ वर, एकही बेंड नाही, हे सगळ्यात उत्तम आणि बहुतेक वेळा स्वस्तही. बेंड लागलाच तर क्लास ए पाइपला, म्हणजे चिमणीच्या इन्सुलेटेड पाइपला, अमेरिकेत ३० अंशांचे एल्बो मिळतात, पण नवीन घर कोऱ्या कागदावर आहे तर मुद्दाम बेंड कशाला ठेवायचा.

कॉन्ट्रॅक्टरच्या "नंतर बघू" वर मात्र अजिबात जाऊ नका. तुमचं छप्पर ट्रसवर, म्हणजे तयार लाकडी कैच्यांवर, असणार, ट्रस २४ इंचांवर येतात. ६ इंच आतल्या मापाचा क्लास ए पाइप बाहेरून साधारण ८ ते १० इंच भरतो, त्याला चारी बाजूंनी लाकडापासून २ इंच मोकळी जागा लागते, म्हणजे १२ ते १४ इंचांची चौकट. दोन ट्रसच्या मध्ये आरामात बसते. पण स्टोव्ह आधी ठेवला आणि नेमका वर ट्रस आला तर ट्रस कापता येत नाही, इंजिनिअरच्या सहीशिवाय कुणी हात लावायचा नाही त्याला. म्हणून ट्रस कंपनीला नकाशा जायच्या आधी चिमणीचा मध्यबिंदू त्यावर पक्का असला पाहिजे. खालच्या मजल्यावरच्या जॉइस्टचंही (तुळयांचंही) तेच, आणि प्लंबर लोकांना रिकामी जागा दिसली की ते पाइप घालून मोकळे होतात, त्यांनाही आधीच सांगायचं.

ती २ इंचाची जागा खरोखर मोकळी ठेवायची. इन्सुलेशनवाले येतात आणि मोठ्या प्रेमाने तिथे फायबर ग्लास कोंबून जातात. अ‍ॅटिकमध्ये त्यासाठी पत्र्याचं शील्ड मिळतं, ते बसवल्याशिवाय सेल्युलोज फुंकू देऊ नका. पाइप मजला जिथे ओलांडतो तिथे फायरस्टॉप (आग वर चढू नये म्हणून पत्रा), आणि क्लॉझेटमध्ये पाइप उघडा चालत नाही, त्याच्याभोवती पूर्ण बंद चेस (पेटीसारख्या भिंती) बांधायची. क्लॉझेटचा कोपरा जाईल, सगळं क्लॉझेट नाही.

छपरावर: चिमणी जिथून बाहेर येते तिथून किमान ३ फूट वर, आणि आडव्या १० फुटांच्या आत छपराचा जो काही भाग येतो त्याहून २ फूट उंच, हा नियम. आता मेटलचं छप्पर आहे म्हटल्यावर चिमणी शक्यतो मोभाजवळ काढा. वळचणीजवळ काढली तर छपरावरचा सगळा बर्फ एकदम घसरत येतो आणि पाइप मुळासकट घेऊन जातो. मोभाजवळ काढली की वर पाइपही कमी लागतो. छपराच्या वर ५ फुटांपेक्षा जास्त उंच गेला तर आधाराच्या सळया लावाव्या लागतात, त्या घसरणाऱ्या बर्फात टिकत नाहीत ते वेगळं.

विटांची चिमणी वेडेपणा नाही पण तिला स्वतःचा पाया लागतो, आत लायनर लागतो, आणि ती बाहेरच्या भिंतीला बांधायची असेल तर वरचं गार चिमणीचं सगळं रामायण तिलाही लागू. दगडाची हौस असेल तर आत स्टोव्हच्या मागच्या भिंतीला लावा, आधी मागे सिमेंट बोर्ड वगैरे काय लागतं ते मॅन्युअलमध्ये बघून.

शंकासुर:
एक भाबडा प्रश्न. हीट पंप आहे, त्यात बॅटरी किंवा छोटा जनरेटर घेतला तर हा सगळा खटाटोप लागतोच कशाला? लाकडं फोडा, वाहा, राख काढा, शेजाऱ्याच्या नाकात धूर. भारतात आपण उज्ज्वला योजना काढून चुली बंद करतोय आणि तिकडे लोक पैसे देऊन चूल घेतायत. राग मानू नका.

बर्फवाला_ओटावा:
शंकासुर, राग कसला. मी १९९८ च्या जानेवारीत इथेच होतो, बर्फाच्या पावसाने तारा आणि विजेचे मनोरेच्या मनोरे झोपवले होते, काही भागांत कित्येक आठवडे वीज नव्हती. जनरेटरला पेट्रोल लागतं आणि पेट्रोल पंपाला वीज लागते, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. धुराचं म्हणाल तर चूल आणि हा स्टोव्ह यांत फार अंतर आहे. अमेरिकेत मे २०२० पासून नवीन विकल्या जाणाऱ्या स्टोव्हला तासाला २ ग्रॅम धुराची मर्यादा आहे, खऱ्या सरपणावर टेस्ट केला असेल तर अडीच. माँट्रियल शहराने तर २०१८ पासून अडीच ग्रॅमच्या वरचे स्टोव्ह पेटवायलाच बंदी केली. ओलं लाकूड घातलं तर मात्र कुठलाही स्टोव्ह धुरकटणारच. बाकी चिमणीबद्दल सुतारपक्षींशी शंभर टक्के सहमत, माझं रात्री सवडीने लिहितो.

हवापाणी:
सगळे चिमणीवर बोलतायत पण मूळ पोस्टमधलं एक वाक्य कुणी वाचलेलंच दिसत नाही. ९०० सीएफएमचा हूड!! ३ एसीएच५० च्या घरात!!

मी घरांचे ब्लोअर डोअर टेस्ट (घर किती हवाबंद आहे ते दारात पंखा लावून तपासणं) करते, हे रोजचं काम आहे, म्हणून आकडेमोड करून दाखवते. १८०० स्क्वेअर फूट, उंची धरून समजा १५,००० घनफूट हवा. ३ एसीएच५० याचा अर्थ ५० पास्कलचा दाब टाकला की तासाला तीन वेळा ही सगळी हवा बदलते, म्हणजे ४५,००० घनफूट तासाला, भागिले ६०, मिनिटाला ७५० घनफूट. आता बघा, मी दारात पंखा लावून ७५० सीएफएम ओढते तेव्हा तुमच्या घरात ५० पास्कलची ओढ तयार होते. आणि तुम्ही गॅसच्या वर ९०० सीएफएमचा पंखा लावताय. प्रत्यक्षात तो एवढ्या विरोधात पूर्ण ९०० ओढू शकणार नाही हे खरं, पण लाकडाच्या स्टोव्हची चिमणी चांगली पेटलेली असताना वरच्या बाजूला ओढते ती साधारण १२ ते २५ पास्कलने. कोण जिंकणार ते सांगायला नको. हूड फुल स्पीडला टाकला की घराला कुठून तरी हवा पाहिजे, आणि घराला पडलेलं सगळ्यात मोठं भोक म्हणजे चिमणी. धूर उलटा आत.

आणि धूर आला तर निदान कळतं तरी. जास्त भीती कधी, तर आग विझत आलेली असते, नुसते निखारे उरलेले असतात तेव्हा. चिमणी गार होत असते म्हणून ओढ कमी, निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड भरपूर, आणि त्याला ना रंग ना वास. दुपारी पेटवलेला स्टोव्ह संध्याकाळी निवत आलाय आणि तुम्ही सातच्या सुमारास मिरच्यांचा ठेचा करायला हूड फुल सोडलाय, अगदी नेमकी हीच वेळ.

उपाय सांगते. एक, हूड परत करा किंवा बदलून घ्या. अमेरिकेतल्या कोडप्रमाणे जळणारं काही घरात असेल आणि हूड ४०० सीएफएमच्या वर असेल तर तितकीच हवा आत आणायची सोय, म्हणजे मेकअप एअर, करावी लागते. ती तुमच्या हवामानात करायची म्हणजे मोटरचा डँपर (उघडझाप होणारी झडप) आणि उणे २० ची हवा तापवणारा हीटर, म्हणजे हूडपेक्षा महाग प्रकरण. आपल्याला वाटतं फोडणीला दणकट पंखाच पाहिजे, पण वास पकडण्याचं काम सीएफएमपेक्षा हूडचा आकार जास्त करतो. शेगडीपेक्षा दोन्ही बाजूंना ३ इंच रुंद, खोल, भिंतीला लागून असलेला हूड घ्या आणि कढई मागच्या बर्नरवर ठेवा, ३०० ते ४०० मध्ये छान भागतं. आयलंडवर शेगडी असेल तर मात्र अवघड आहे, तेही तपासा. दोन, ज्यांना मोठा हूड हवाच आहे त्यांनी वर सांगितलेला डँपर हूडच्या स्विचलाच जोडून घ्यायचा, आठवणीवर सोडायचा नाही. शेजारची खिडकी उघडायची हा जुगाड चालतो पण पाहुणे आले की कोण लक्षात ठेवतं.

स्टोव्हला स्वतःची बाहेरची हवा देणारा ३-४ इंची पाइप मिळतो, तो एअरटाइट घरात जरूर घ्या, स्लॅब किंवा जमिनीतून आत्ताच काढून ठेवा. पण तो लावला म्हणजे हूडचा प्रश्न सुटला असं समजू नका, स्टोव्ह काही हवाबंद डबा नसतो आणि लाकूड घालायला दार उघडावंच लागतं.

घर झालं की पहिल्यांदा पेटवायच्या आधी एक टेस्ट करा: सगळ्या खिडक्या बंद, हूड, ड्रायर, बाथरूमचे पंखे सगळं एकदम चालू, आणि स्टोव्हचं दार किंचित उघडून तिथे उदबत्ती धरा. धूर चिमणीत जातोय की खोलीत येतोय ते लगेच दिसतं. मात्र गार चिमणीने ही परीक्षा पास केली नाही तर हूडचा निकाल लावल्याशिवाय काडी ओढू नका. आणि सीओचे अलार्म प्रत्येक मजल्यावर, त्यातला एक बेडरूमच्या बाहेर.

डोंगरउतार:
बाप रे. हवापाणी, तुमचं गणित मोठ्याने वाचून दाखवलं, नवरा दोन मिनिटं गप्प होता आणि मग म्हणाला हूडवाल्याला आत्ता फोन लाव. शेगडी भिंतीलाच आहे, आयलंडवर नाही, तेवढं नशीब.

सुतारपक्षी, क्लॉझेटचा कोपरा दिला. पण आता दोन-तीन प्रश्न उरलेत. पाइप वरच्या बेडरूममधून जातो तर त्या चेसच्या भिंती तापतात का, कपड्यांना काही होईल का? दुसरं म्हणजे खालच्या मजल्यावरचा जो काळा पाइप असतो तो भिंतीपासून किती लांब? आणि लाकूड कधीपासून घ्यायला लागायचं? घर पुढच्या ऑक्टोबरला तयार होईल असं म्हणतायत.

सुतारपक्षी:
चेसच्या भिंती कोमट लागतील, तापणार नाहीत, २ इंच सोडले असतील तर. क्लास ए पाइपवर यूएल १०३ एचटी असं लिहिलेलं बघा, तो २१०० फॅरनहाइटला दहा-दहा मिनिटं तीनदा तपासलेला असतो, चिमणीत आग लागली तरी टिकावा म्हणून. कपडे चेसच्या बाहेर लटकवा, चेसच्या आत कुणी जागा दिसली म्हणून बॅगा ठेवत नाहीत ना एवढं बघा, मी बघितलंय.

काळा पाइप: एकेरी पत्र्याचा असेल तर जळणाऱ्या भिंतीपासून १८ इंच, दुहेरीचा असेल तर साधारण ६ इंच, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असेल तेच खरं. दुहेरीच घ्या, धूरही गरम राहतो. तो काळा पाइप फक्त खोलीतला, छतातून किंवा भिंतीतून तो कधीही न्यायचा नाही, छताशी सपोर्ट बॉक्स येतो आणि तिथून क्लास ए सुरू. जोडताना चुण्या पडलेलं टोक खाली, स्टोव्हकडे. लोकांना हे उलटं वाटतं, पण तसं ठेवलं की आतलं डांबरी पाणी ओघळून परत स्टोव्हमध्ये जातं, नाहीतर प्रत्येक जोडावरून बाहेर काळे ओघळ येतात. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू. आणि एका कंपनीचा क्लास ए दुसऱ्या कंपनीला जोडू नका, लॉक वेगळे असतात आणि इन्स्पेक्टर तिथेच पकडतो.

तुमचा पाइप दोन मजले धरून २५ फुटांच्या आसपास होईल. ६ इंचाचाच ठेवा. "मोठा घेतला तर ओढ जास्त" असं कुणीतरी सांगेलच, ८ इंचात धूर हळू जातो आणि गार होतो.

बर्फवाला_ओटावा:
लाकडाचं मी सांगतो, कारण लोक चिमणीवर एवढा खर्च करतात आणि मग सप्टेंबरमध्ये फोन करून "सीझन्ड" लाकूड मागवतात. विकणाऱ्याचं सीझन्ड म्हणजे बरेचदा मागच्या वसंतात तोडलेलं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. मीटर स्वस्तात मिळतो, पण ढलपी ताजी फोडून आतल्या नव्या बाजूला टोचायचा, टोकाला टोचला तर तो नेहमी खोटं बोलतो. बर्च, मेपल, अ‍ॅश एका चांगल्या उन्हाळ्यात होतात, ओकला दोन उन्हाळे द्या. पुढच्या ऑक्टोबरला पेटवायचं असेल तर लाकूड याच वसंतात फोडून रचून ठेवा, वर झाकण, बाजू उघड्या. बांधकामाच्या गडबडीत प्लॉटवर जागा नसते म्हणून सगळे पुढे ढकलतात, तुम्ही कोपऱ्यात आत्ताच चार पॅलेट टाका. एक कॉर्ड म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फूट, १२८ घनफूट. "फेस कॉर्ड" (४ बाय ८ ची एकच ओळ) विकणाऱ्याला ढलप्यांची लांबी विचारून घ्या.

स्टोव्हचा आकार: लहान घ्या. तुमचं घर इतकं घट्ट बांधलेलं आहे की २००० स्क्वेअर फुटांवाला स्टोव्ह पूर्ण पेटवला की जानेवारीत खिडक्या उघडून बसावं लागेल, मग माणूस हवा बंद करून आग धुमसवत ठेवतो आणि तिथेच क्रिओसोट होतं. लहान स्टोव्ह जोरात पेटलेला केव्हाही बरा. वीज गेली तर वरचा मजला थोडा थंड राहील, गोधडी आहे की.

विमा कंपनीला स्टोव्ह विकत घेण्याआधी कळवा, नंतर नाही. आमच्याकडे वेट (WETT, लाकडाच्या स्टोव्हची तपासणी करणाऱ्यांचं) सर्टिफिकेट असलेल्या माणसाचा रिपोर्ट मागतात, तुमच्याकडे टाउनचं परमिट आणि इन्स्पेक्शन विचारतील. सगळी मॅन्युअल्स आणि स्टोव्हच्या मागच्या लेबलचा फोटो एका फाइलला लावून ठेवा. स्टोव्हच्या पुढे न जळणारी जमीन तिकडे किमान १६ इंच असते, आमच्याकडे १८. १८ च करा, निखारा उडतो तेव्हा तो नियम बघून उडत नाही. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली घराबाहेर, डेकवरसुद्धा नाही. राखेत निखारे दोन-दोन दिवस जिवंत राहतात.

पडवी:
विषयांतर होतंय पण इथे माहितगार दिसले म्हणून विचारतो. आम्ही सावंतवाडीजवळ नवीन घराच्या मागच्या पडवीत चूल ठेवतोय, आईला भाकरी आणि पाणी तापवायला चूलच लागते. वर कौलं आहेत. साधा जीआय पाइप चुलीवरून कौलातून बाहेर काढला तर चालेल का?

सुतारपक्षी:
पडवी, उघड्या चुलीचं गणित वेगळं. तिथे धुराबरोबर खोलीतली भरपूर हवा पाइपमध्ये जाते, त्यामुळे पाइप स्टोव्हइतका तापत नाही, पण ओढायला तोंड मोठं लागतं. नुसता पाइप लटकवून धूर त्यात जाणार नाही, चुलीवर तिन्ही बाजूंनी उतरता विटांचा किंवा पत्र्याचा धुराडा करा आणि त्याच्यावर पाइप, ८ इंचांच्या खाली नको. जीआय ज्वाळेच्या जवळ नको, जस्त जळतं, खालचा भाग स्टीलचा किंवा विटांचा ठेवा. महत्त्वाचं म्हणजे वासे आणि रिपा. पाइप त्यांना टेकता कामा नये, वीतभर तरी अंतर आणि मध्ये पत्रा. कौलांच्या वर मोभापेक्षा उंच न्या आणि टोपी लावा, नाहीतर तुमच्याकडच्या पावसात पाणी सरळ चुलीत.

पडवी:
मस्त. वीतभर अंतर सुताराला सांगतो, त्याने वाशालाच क्लँप मारायचं ठरवलं होतं.

डोंगरउतार:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. हूड बदलून मिळतोय, ३६ इंची रुंद, ३९० सीएफएमचा, फरकाचे थोडे पैसे गेले. आर्किटेक्टने थोडे आढेवेढे घेतले पण स्टोव्ह आता घराच्या मधल्या भिंतीला आलाय, पाइप सरळ क्लॉझेटच्या कोपऱ्यातून मोभाच्या जरा खाली बाहेर पडतो. बाहेरच्या हवेचा पाइप बेसमेंटच्या भिंतीतून काढतोय. ट्रस कंपनीला शुक्रवारी नकाशा जातोय, त्यावर चिमणीचा मध्यबिंदू लाल शाईने काढून घेतला.

एकच अडलंय, बेसमेंटमधून येणारा हवेचा पाइप हिवाळ्यात घामेजेल का?

हवापाणी:
घामेजेल. आतून येणाऱ्या पूर्ण लांबीला इन्सुलेशन गुंडाळा आणि वरून व्हेपर बॅरिअर (बाष्प अडवणारा थर), सांधे टेपने बंद. बाहेरच्या तोंडाला उंदराची जाळी लावा, फार बारीक नको, बर्फाने बुजते. आणि ते तोंड बर्फ साठतो त्या पातळीच्या वर ठेवा, डोंगरउतारावर वाऱ्याने बर्फ कुठल्या बाजूला लोटला जातो ते या हिवाळ्यात प्लॉटवर जाऊन बघून घ्या.